पायांकडे कुणी बघितलं नाही

प्रिय मामा,

सासऱ्याला ‘प्रिय’ लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे. पण तीर्थरूप लिहून साष्टांग नमस्कार घालायला आता तुम्ही समोर नाही. म्हणून हेच लिहिलं. रागावू नका.

लिहायचं कारण तुमच्यामागे एकट्या पडलेल्या आत्या आहेत. आज सकाळी त्यांनी दोन घास खाल्ले, ताट सरकवलं आणि मला विचारलं, “सांग की गं, कोण व्हतं ते?” मी भांड्यांच्या निमित्ताने उठून गेले. संध्याकाळी त्या पुन्हा विचारतील. मामा, मी त्यांना काय सांगू?

तुमचा दहावा गावामागच्या पाझर तलावावर झाला. आम्ही बायका घरी होतो. नंतर ह्यांच्याकडून कळलं ते असं. पिंड मांडले आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसले. कावळा काही आला नाही. ह्यांनी हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही, ताईचं माहेर तुटू देणार नाही, जे जे सुचलं ते सगळं. तरी नाही. ऊन चढलं. मग बेशरमाच्या झुडपांतून एक पक्षी चालत चालत आला, पिंडाला चोच लावली आणि उडून गेला. गुरुजी म्हणाले, हा काही कावळा नव्हे. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी उरकला.

आत्यांना तो दर्भाचा कावळा पटलेला नाही. गवताचा कावळा काय सांगणार, म्हणतात. कावळा शिवला नाही म्हणजे तुमचा जीव कशात तरी अडकलाय. आणि जो आला तो कोण? तो शिवलेला चालतो का? तुम्हीच आला होतात का? याच्यापुढे त्यांचं मन जातच नाही.

मी ह्यांना विचारलं. तुम्ही मला विचारायचात तसंच, आधी पाय.

“पायाकडं कोण बघतंय, अर्चना? तिथं आमच्या जिवाची घालमेल चालली व्हती. बगळा व्हता. पांढराशिपत.”

शेजारी तुमचे धाकटे भाऊ, बापूकाका बसले होते. ते उखडले. “पांढरा कुठला बे? मातकट व्हता. मह्या पुढ्यातच बसलता की!”

“मह्या डोळ्यानं बघितलाय, काका.”

“तुह्या डोळ्यात पाणी व्हतं. तुला काय दिसतंय!”

खरं सांगू? त्या भांडणात मला क्षणभर आनंद झाला. मला तुमची ढोकरी आठवली.

तुम्हाला आठवते का? काचबिंदूने तुमची नजर नेली त्या वर्षीची गोष्ट. तोवर मी तुमच्याशी धड बोलतही नव्हते. “चहा ठेवलाय म्हणावं,” असं भिंतीकडे बघून सांगायचं, ही आपली बोलायची रीत. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करताना तुम्ही गावोगावच्या तळ्यांवर पक्षी बघत हिंडलात. नजर गेल्यावर तुम्ही ओट्यावर नुसते बसून राहायला लागलात, आणि आत्याच मला म्हणाल्या, “जा गं त्यांना घेऊन तळ्यावर. हितं बसून माणूस वाळून जाईल.”

पहिल्या दिवशी मी नुसतं ‘पांढरा पक्षी’ म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, “पांढरा तर मह्या अंगातला सदराबी हाय. म्हून मी बगळा हाय का? पाय सांग. मग चोच. उडाला तर मान कशी धरली ते. रंग सगळ्यात शेवटी.”

आणि मग ती ढोकरी! मी सांगितलं, चिखलात एक मातकट पक्षी बसला होता तो कुठे गेला कळलं नाही, आणि त्याच जागेवरून एक पांढरा उडाला. तुम्ही इतके हसलात की हातातली काठी पडली. “अगं येडे, ती एकच बाई हाय! बसली की मातीची, उडाली की पांढरी. पंख मिटले की सगळं पांढरं झाकून घेती.”

म्हणजे दोघंही खरं सांगत असतील, नाही का? काकांनी ती बसलेली बघितली, ह्यांनी उडताना. मी धावत आत्यांकडे निघाले होते. पण तुमची सवय लागलेली. म्हटलं, मानेचं विचारून घ्यावं. ह्यांना गुरुजींना फोन करायला लावला. गुरुजी म्हणाले, उडताना मान सरळ पुढे होती, काठीसारखी.

झालं. उंबऱ्यावरच थांबले. बगळा असो की ढोकरी, उडताना मान आवळून घेतात, हे तुम्हीच सांगितलेलं. मान लांब सोडून उडतो तो शराटी, नाहीतर करकोचा. मग तो कोण होता? का नुकताच उडाला असेल आणि मान आवळायच्या आधीच गुरुजींनी नजर काढली असेल? असं होतं का, मामा? हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. विचारायची वेळच आली नव्हती. मी बघायचे, तुम्ही ओळखायचात. आता ज्यांनी बघितलं त्यांना नीट सांगता येत नाही, आणि मला ऐकून ओळखता येत नाही.

मी तलावावरही जाऊन आले. चिखलात शेळ्यांचे खूर उमटले होते, बाकी काही नाही. तुमची दुर्बीण गळ्यात अडकवून मी काठावर नुसती उभी होते. मांजरसुंब्याकडून येणारी शेजारची काकू म्हणाली, “सासरा गेला तरी सुटली न्हाई का गं तुही बगळ्याची नोकरी?” तुम्ही असता तर तिला काहीतरी बोलला असता. मी तशीच घराकडे वळले.

आत्या काय म्हणतात सांगू? “तुह्या मामानं तुला शिकविलंय. तू म्हणशील ते खरं. कावून बोलत न्हाईस?” त्यांना फक्त एक नाव हवंय. मी म्हटलं, ढोकरी होती आत्या, मामांची लाडकी ढोकरी, तर त्या आज पोटभर जेवतील. कालपासून हे वाक्य कितीदा ओठांवर आलंय! आणि ते खरंही असू शकतं. एक मान सोडली तर बाकी सगळं जुळतंच की.

इतका विश्वास माझ्यावर कशाला टाकायला लावलात त्यांना?

पण ते वाक्य मला म्हणवत नाही, कारण मला हेही आठवतं. कधी उन्हाची तिरीप यायची, कधी पक्षी फार लांब असायचा, आणि माझ्या सांगण्यातून तुमची खात्री पटायची नाही. मी म्हणायचे, मामा, असेल हो मोठा बगळा, धरून चाला. तुम्ही धरून चालायचा नाहीत. थोडा वेळ ओठ हलवत बसायचात आणि उठायचात. “पाखरू व्हतं. चल घरी.” त्या वाक्यात तुम्हाला कधी कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही.

मला तसं म्हणता येईल का, मामा? तळ्यावरून घरी जायचं असतं तेव्हा ते सोपं होतं. इथे समोर आत्या आहेत.

तरी संध्याकाळी मी तेच सांगणार आहे. पाखरू होतं, आत्या. मामांच्या पिंडाला पाखरू शिवलं. कोणतं, ते मला माहीत नाही. त्यांचं समाधान होणार नाही. त्या कदाचित माझ्यावर चिडतील, कदाचित भिंतीकडे तोंड करून पडून राहतील. त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. पण तुम्हाला शब्द देते, ज्याची खात्री नाही ते नाव मी तुमच्या नावावर खपवणार नाही. आणि त्या रडल्या, तर या वेळी उठून जाणार नाही.

तुमची सून,
अर्चना