वळणावरची न्याहारी

३ फेब्रुवारी, दुपार

चि. गुंड्यास आईचे भरभरून आशीर्वाद.

मावशीकडे सुखरूप पोचले. तिचा गुडघा बरा आहे, तोंड तर त्याहून बरं आहे.

वाटेत एक गंमत झाली. बस पंक्चर झाली ती नेमकी मोठ्या वळणापाशी, पेट्रोल पंपाच्या अलीकडे. ड्रायव्हर म्हणाला, तासभर लागेल, समोर काहीतरी खाऊन घ्या. समोर न्याहारीचं छोटंसं हॉटेल. मोजकी टेबलं, लख्ख पुसलेली. काका तव्यापाशी, काकू गल्ल्यावर, सून चहा ओतत हिंडतेय. ऑम्लेट, लोणी लावलेला पाव, वर चहा, आणि इतकं स्वस्त की मी दोनदा विचारून खात्री केली. ओळख ना पाळख, पण काकूंनी माझ्या पाठीशी उशी आणून ठेवली. तुझा ट्रक त्याच रस्त्याने जातो, म्हणून म्हटलं कळवावं. कधी गेलायस का तिथे?

उगाच विचारते आहे. मला माहीत आहे.

त्यांच्याकडे रोजच्या गिऱ्हाइकांचे कप भिंतीवर खुंट्यांना टांगलेले असतात, ज्याचा त्याचा वेगळा. त्यांत तुझ्या बाबांचा निळा कप होता. बाबांच्या माघारी मी तो तुला दिला होता. कानापाशी टवका उडालेला, तोही तुझ्याच हातून. गाडीतून चोरीला गेला, असं तू मला सांगितलंस आणि मी त्या चोराला महिनाभर शिव्या घातल्या.

मी विचारलं, हा कोणाचा? काकूंचा चेहरा काय फुलला!

"आमच्या ट्रकवाल्या पोराचा. भारी बडबड्या आहे हो, हसवून हसवून पुरेवाट करतो. आई लहानपणीच गेली बिचाऱ्याची. म्हणून मीच त्याला दोन घास जास्त वाढते."

मी हातातला चहा खाली ठेवला.

अरे, एका जास्तीच्या अंड्यासाठी मला मारलंस? तेवढंच असतं तर मी हसले असते. पण घरी तू मान खाली घालून जेवतोस. काही विचारलं तर नुसतं "हं". मला वाटायचं, पोरगा दमून येतो, म्हणून तुझ्या वाटणीचंही मीच बोलत बसायचे. तू दमत नव्हतास. सगळं बोलणं, सगळं हसणं तिकडे देऊन रिकामा घरी येत होतास. विश्वासघात दुसरा काय असतो? परकी बाई माझ्यासमोर माझ्याच मरणाबद्दल हळहळत होती आणि मी मान डोलावत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?"

म्हटलं, "एक मुलगा. तोही ट्रकच चालवतो."

"मग पाठवा की इकडे! आईसारखं बघेन त्याच्याकडे."

मी "बरं" म्हणाले. खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या मनातून तू उतरला असतास, ते मला बघवलं नसतं. तेव्हा ते काम तुझं. पुढच्या आठवड्यात मी घरी परतते आहे. तू लगेच येऊ नकोस. आधी त्या काकूंसमोर बसून मला जिवंत कर, मग ये.

खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस, असं लिहिणार होते. ती काळजी आता दुसऱ्या कुणाकडे आहे.

तुझी, अद्याप हयात,
आई