जिवंत कवडी

देवास, मार्गशीर्ष १९०८

प्रिय विद्युल्लते,

वर्षानं तुझं अक्षर दिसलं, आणि एवढ्या लांब पत्रात स्वतःबद्दल एक ओळ नाही! सगळं कवडीचंच. पण काय लिहिलंयस गं! धारला आपण ओसरीवर कवड्या खेळायचो, तेव्हा त्यांच्यात कधी जीव राहत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तू मात्र ओहोटीला रत्नागिरीच्या खडकांत जाऊन ती चालताना पाहिलीस. आतली गोगलगाय दोन्ही बाजूंनी आपलं मऊ अंग वर ओढून कवडीला शालीसारखं पांघरते, म्हणून ती इतकी तुकतुकीत. बोट लावलं की शाल झरकन आत! अंडी घातली की त्यांच्यावर बसून राहते, लाटेला दाद देत नाही. हे तुला कुणी शिकवलं नाही. पाण्यात पाय गारठवत तूच पाहिलंस. माझ्यानं झालं नसतं, बाई.

परवा कन्याशाळेत मी ते मुलींना वाचून दाखवलं. भवानी नावाची एक महाखोडकर पोर आहे. तिनं ओच्यातून खेळायच्या कवड्या काढल्या, फटीला डोळा लावला आणि माळवीत विचारलं, "बाई, ईमें कुण रेतो थो?" म्हणजे यात कोण राहायचं? मग काय, वर्गभर मुली कवड्यांत डोकावत बसल्या! माझे सासरे तात्या शाळेच्या पंचांपैकी. ते दाराशी उभे राहून ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "सूनबाई, हे लिहिणारी कोण?" मी सांगितलं. "मग ती तिथं काय करते?" मी म्हटलं, "दिरांच्या घरी भांडी घासते." सकाळी पागोटं चढवून तडक पंचांकडे गेले.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. शाळेला दुसरी शिक्षिका हवी होती. पंचांनी तुझं नाव धरलं आहे. तात्या पौषात मुंबईहून आगबोटीनं स्वतः तुला न्यायला येतील. दिरांनी नाही म्हटलं तर अंगणात बसून राहीन, म्हणतात, आणि ते बसतील. यजमान चिंतामणराव गेले म्हणून तुझी बुद्धी गेली नाही. लोक काय म्हणतील याचा घोर लावून घेऊ नकोस. विधवेचं तांबडं आलवण नेसून आलीस तरी इथल्या मुली तुला 'बाई' म्हणूनच उठून उभ्या राहतील.

तुझीच,
प्रमोदिनी