सावलीच्या भिंतीवरची खोली नंबर चार

बाबा, सावली गावच्या राईस मिलची उत्तरेकडची भिंत अजून उभी आहे आणि तिच्यावरचा तुमचा पिवळा रंगही. मिलमालकाचा मुलगा म्हातारा झाला, गडचिरोलीचा रस्ता रुंद झाला, भिंतीसमोरची पानटपरी जाऊन तिथं मोबाईलचं दुकान आलं. तुमचं अक्षर मात्र जागचं हललेलं नाही. ही बातमी आनंदाची की काळजीची, हे मला ठरवता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी बारावीला होते. त्या आठवड्यात तुम्ही वनखात्याच्या पाट्या रंगवत होता, पिवळ्यावर काळं, "सावधान, वाघाचा वावर". त्यातला रंग उरला आणि तेवढ्यात नागपूरकडचा तो स्वतःला वैद्य म्हणवणारा माणूस दारात आला. दर मंगळवारी चंद्रपूरच्या बसस्थानकामागच्या लॉजवर, खोली नंबर चारमध्ये तो बसणार होता आणि एटापल्लीपासून येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडकीतून ते वाचता यावं, असं त्याला हवं होतं. मजकूर त्यानं अख्खं पान भरून आणला होता. तुम्ही तो माझ्यापुढे टाकता. स्वयंपाकघरात आई लाखोळीच्या डाळीला फोडणी देते आहे आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही, असा चेहरा करून उभी आहे. मी विचारते, गुप्तरोग म्हणजे नेमका कोणता रोग. तुम्ही ब्रश धूत म्हणता, "तुले काय करायचं रोगाचं? ओळ बसव. भिंत रबराची नाई, बाई." फोडणी त्या दिवशी जरा करपली.

मी ओळ बसवली. पानभर मजकुरातून दोनच वाक्यं उरली: "लाजू नका. कोणी विचारणार नाही, कोणाला सांगणार नाही." त्याखाली वार, लॉज, खोली नंबर. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत, मान हलवलीत आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर चढवलंत. मी लिहिलेलं लोकांसमोर आलं ते तेव्हा पहिल्यांदा. पुढे तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, पण जागा वाढवून मागायची नसते हे मी कुठल्याही संपादकाकडून शिकले नाही. ते त्या भिंतीनं शिकवलं होतं. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही तुमचा एक इंची चपटा ब्रश दिलात. आई म्हणाली, पोरीला पेन द्यायचं सोडून हे काय. तो ब्रश अजून माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात उभा असतो.

यंदा उन्हाळ्यात रविवारच्या पानासाठी मला विषय मिळाला: शहरातल्या तरुणांमध्ये लैंगिक आजार वाढताहेत का. मी सरकारी दवाखान्यात गेले. मागच्या फाटकातून आत गेलं की तेरा नंबरची खोली. बाकावर पाच जण बसले होते, चौघांनी डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यानं बांधलेलं, पाचव्यानं हेल्मेट काढलंच नव्हतं. तिथल्या समुपदेशक बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी सांगितलं की पूर्वी इथं ट्रकवाले आणि चाळिशीतले बाप्ये यायचे. आता कॉलेजची मुलं येतात, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी येतात, कारखान्यात कंत्राटावर लागलेली येतात. आधी मोबाईलवर शोधतात, मग दुकानातून गोळ्या घेतात, दोन दिवसांत बरं वाटलं की सोडून देतात आणि महिन्याभरानं पुन्हा तेच घेऊन येतात. मुली मैत्रिणीला घेऊन येतात आणि त्रास मैत्रिणीला आहे म्हणून सांगतात. मैत्रीण नेमकी तेच सांगते. बाई दोघींनाही तपासणीला पाठवतात.

त्यांच्याकडे औषधांचे डबे रंगावरून ओळखतात, करडा, हिरवा, पांढरा, पिवळा, ज्या लक्षणाला जो. मला तुमच्या फळीवरचे डबे आठवले. त्या करड्याला तुम्ही ब्रश धुतलेलं पाणी म्हणाला असता. भिंतीवरच्या आलेखात मे महिन्यात रेघ उंच चढली होती. वरच्या साहेबांनी पत्र पाठवून विचारलं होतं की चंद्रपुरात हे आजार मे महिन्यातच का वाढतात, लग्नसराईमुळे का. बाईंनी उत्तर कळवलं होतं की आजार बाराही महिने असतात, फक्त मेमध्ये चंद्रपुरात तोंड बांधून फिरलं तरी कोणी काऊन म्हणून विचारत नाही. आजार वाढले की यायची हिंमत वाढली, हे नुसत्या रेघेवरून कळत नाही, असंही त्या म्हणाल्या. ते मी वहीत उतरवून घेतलं आणि खरं सांगायचं तर लगेच विसरलेही, कारण त्यानंतर त्यांनी मला वहीतला एक रकाना दाखवला. नावं झाकून. रकाना होता, "इथं कुठून आलात". त्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द होता: लॉज. बसस्थानकामागचा. बाईंनाही त्याची काळजी लागली होती, लॉजची चौकशी व्हावी म्हणून त्या वर लिहिणार होत्या.

आता तीस वर्षं बातम्या लिहिलेल्या बाईला आणखी काय लागतं. मी शीर्षक तिथंच ठरवलं, बसस्थानकामागचा लॉज ठरतोय आजारांचं केंद्र. मजकूर संध्याकाळी सहाला द्यायचा होता. फक्त दुसरी बाजू राहिली होती, म्हणून तीन वाजता मी लॉजवर गेले. तो वार मंगळवार होता, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

गल्ल्यावर साठीचा मॅनेजर वर्तमानपत्र वाचत होता, आमचंच. मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागून एक पोरगं आलं, डोळ्यांपर्यंत दुपट्टा बांधलेलं, आणि हळूच म्हणालं, "खोली नंबर चार?"

मॅनेजरनं पेपरातून डोकंही काढलं नाही. "चारमधी आता गाद्या ठेवतो. वैद्यबुवा मरून वीस वर्षं झाली. सरकारी दवाखाना, मागचं फाटक, तेरा नंबर. उपाशी जायची गरज नाई."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते सांगितलं, रकान्याचं सांगितलं आणि शीर्षकाचंही सांगितलं, कारण दुसरी बाजू घ्यायची तर पहिली सांगावी लागते. त्यानं पेपरची नीट घडी केली. "बाई, माझ्या लॉजवर एटापल्ली, भामरागडचे मायबाप उतरते, पोरींले कॉलेजात टाकाले येते तवा. तुम्ही हे छापलं त कोण येईन? मी आयुष्यात एक वावगी खोली दिली नाई आन् तुम्ही मलेच रोगाचं घर करून राह्यल्या." दर मंगळवारी दोन-तीन पोरं येतात, तो म्हणाला, आणि तो सगळ्यांना तेरा नंबरला पाठवतो. तिथं कुठून आलात म्हणून विचारलं की ती बापडी खरं सांगतात.

पोरगं अजून तिथंच होतं. मी त्याला विचारलं, खोली नंबर चारचं तुला कोणी सांगितलं.

"सावलीच्या भिंतीवर लिवलं आहे ना जी." मग मला पटावं म्हणून त्यानं पुढे सांगितलं, "वाघाच्या पाटीसारखी पाटी आहे, मॅडम. त्या पाटीवर खोटं थोडी लिवते."

मोबाईलवर शंभर डॉक्टर आहेत, तरी त्यानं विश्वास ठेवला तो तुमच्या अक्षरावर आणि माझ्या ओळीवर. मी तिथल्याच बाकड्यावर बसून शीर्षक खोडलं. मॅनेजर माझ्या वहीकडे बघत उभा होता, त्याला दिसेल असं खोडलं. सहाला जो मजकूर गेला त्यात लॉज नव्हता. दुपट्टे होते, अर्ध्यात सोडलेल्या गोळ्या होत्या आणि विसरलेलं ते वाक्य होतं, की वाढलेली रेघ ही वाढलेली हिंमतही असू शकते. मॅनेजरचं सांगितल्यावर समुपदेशक बाईंनी वर लिहायचं रद्द केलं. वहीत लॉजपुढे कंसात "मॅनेजर पाठवतात" असं लिहायला लागल्या आणि मला म्हणाल्या, आमचा सगळ्यात चांगला कार्यकर्ता हाच निघाला की.

भिंत पुसून टाकू, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी तिचा फोटो मोबाईलवर पाहिला आणि म्हणाल्या, वरची दोन वाक्यं राहू द्या, आम्हाला इतकी चांगली सुचली नसती, फक्त पत्ता बदला. कोणी लिहिली म्हणून त्यांनी विचारलं. बाबांनी, असं मी सांगितलं. खाली सही तुमचीच आहे, तेव्हा ते फार खोटंही नव्हतं.

आता अक्षरं लिहिणारे पेंटर मिळत नाहीत, सगळे फ्लेक्स छापून देतात. शेवटी मीच तुमचा ब्रश घेऊन सावलीला गेले. मिलवाल्यानं शिडी धरली आणि माझ्या वयाबद्दल एकदाही बोलला नाही. मंगळवार झाकला, लॉज झाकला, खोली नंबर चार झाकली आणि त्यावर लिहिलं: सरकारी दवाखाना, चंद्रपूर, मागचं फाटक, खोली नंबर तेरा. अक्षरं जरा उतरती झाली. खाली उतरून पाहिलं तर वर तुमचं आणि खाली माझं, एकाच भिंतीवर. मिलवाला म्हणाला, मस्त. तो सभ्य माणूस आहे.

यंदा दिवाळीनंतर मॅनेजरचा फोन आला. पोरं पुन्हा यायला लागलीत, मंगळवारीच. मी बस पकडून सावलीला गेले. एका पावसाळ्यात माझा रंग पापुद्र्यांनी सुटला होता आणि तेराच्या खालून तुमचा चार वर आला होता, ठसठशीत, कालच लिहिल्यासारखा. मी मॅनेजरला म्हटलं, पुन्हा रंगवते. तो म्हणाला, "राहू द्या, बाई. पोरं येते, मी पाठोतो. तोंडानं सांगितलेलं ध्यानात राह्यते."

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पेनांच्या डब्यात ब्रशशेजारी उभं राहील. एवढं लिहिलं ते एका गोष्टीसाठी, आणि ती मी मॅनेजरला सांगितली नाही, समुपदेशक बाईंना नाही, मिलवाल्यालाही नाही. ते सगळे पावसाला दोष देतात आणि मी मान हलवते. तुम्ही नेहमी सांगायचा, आधी भिंत खरवडायची, मग दोन हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. पण त्या दिवशी मला परतीची साडेचारची बस गाठायची होती, बाबा. मी भिंत खरवडली नाही. आणि एकच हात दिला.