माशातली नळी

उंब्रज,
रविवार, दुपार

प्रिय अंकिता,

टपालानं आलेलं पाकीट बघून दचकली असशील. माझा मोबाईल हल्ली तुझ्या पप्पांच्या खिशात असतो. तुझ्याशी बोलायचं ते स्पीकर लावून, त्यांच्या समोर बसून. म्हणून शेजारच्या साक्षीकडून कागद मागून घेतला. उद्या कॉलेजला जाताना ती कराडहून स्पीड पोस्ट करणार आहे. पप्पा आणि जयराजकाका मळ्यात गेलेत, ते यायच्या आत हे संपवायचं आहे. माझ्या अक्षराला हसू नकोस.

गेल्या बुधवारी आम्ही मालवणला आलो होतो. हो, तुझ्या मालवणला. सकाळी पप्पा म्हणाले, “चल, पोरगी कुठं काम करती बघून येऊ.” लोणंदच्या स्थळाला नाही म्हणून तू निघून गेलीस, त्याला आठ महिने झाले. तुझं नाव निघालं की पानावरून उठणारा माणूस स्वतःहून निघालाय म्हटल्यावर मला काय झालं म्हणून सांगू! दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गाडीत बसले, ते गगनबावड्याला कळलं. तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणीही घेतली होती.

शेफ वीरधवलची तिथं तीन हॉटेलं आहेत एवढंच तू सांगितलं होतंस. तू कुठल्या हॉटेलात, ते सांगितलं नव्हतंस. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तुझी दृष्ट काढावी.

पहिलं हॉटेल बंदरावरचं. दारातच शेफचा माणसाएवढा फोटो. काकांनी सुरमईची थाळी घेतली, रस्सा ओरपला आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाले, “आवं ताई, नळी न्हाई व्हय यात? पावण्याला नळी घाला की!” ती बिचारी म्हणाली, माशाला काटे असतात, नळी नसते. काका उखडले, “ह्यांस्नी पावणेर कसा करत्यात ठावं न्हाई.” हसू दाबता दाबता मला ठसका लागला. मटणाच्या प्रत्येक पंगतीत पहिली नळी ज्यांच्या ताटात पडली, त्यांना ती समुद्रातल्या माशातही हवी होती.

मग हसू गेलं, कारण तू आठवलीस. जत्रेचं जेवण होतं, तू सात वर्षांची. चुकून नळी तुझ्या ताटात पडली आणि तू ती ताटावर आपटायला लागलीस. काकांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी ती तुझ्या हातातून काढून त्यांच्या ताटात ठेवली आणि वर तुला चापट मारली. तू रडली नाहीस. म्हणालीस, मोठी झाले की मीच वाढणार, मग बघते कुणाला काय मिळतं ते. सगळे हसले. मीही हसले. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या हॉटेलात मी हात धुवायला गेले. परत येताना खांबाआड थांबले, कारण काका एका वेटरला विचारत होते, इथं कामाला असलेल्या मुली राहतात कुठं, सुटी किती वाजता होते, रस्ता कुठला. हे विचारणं काही बाप-लेकीची भेट घालून द्यायला नव्हतं. वेटर गेल्यावर ते पप्पांना काय म्हणाले, तेही मी ऐकलं. ते शेवटी लिहिते, आधी तिसऱ्या हॉटेलाचं सांगू दे.

तिथं स्वयंपाकघराला मोठी काच आहे. आणि काचेपलीकडं तू. पांढरा कोट, डोक्याला टोपी, समोर मोठी सुरमई, आणि दोन बाप्ये तुझ्या हाताकडं बघत उभे. तेवढ्यात खुद्द शेफ आले. त्यांनी तुझ्या पातेल्यातलं चमचाभर चाखलं, थांबले, पुन्हा चमचा घातला. तू मान खाली घालून हसलीस. अंकिता, माझा जीव सुपाएवढा झाला गं!

पप्पा आणि काका काचेकडं पाठ करून बसले होते. “हितं बी न्हाई वाटतं,” म्हणत काका वळायला लागले. माझ्या हातात सोलकढीचा पेला होता. मी तो साडीवर ओतला आणि फरशीवर सोडून दिला. पेला फुटल्याचा आवाज ऐकून तू क्षणभर मान वर केलीस, आठवतंय का? ती वेंधळी बाई मी होते. पप्पा म्हणाले, “तुला कुठं न्यायची सोय न्हाई,” आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. चटणी तशीच घरी आली. तू कुठल्या हॉटेलात आहेस ते त्यांना अजून माहीत नाही. मी पत्ता पाटीवरून पाठ केला.

आता ते बोलणं. काका म्हणाले, “हितं तमाशा नगं. पुढच्या बेस्तरवारी फोन करू, वैनी लय शिरीयस हाय म्हणून. एकदा उंबऱ्याच्या आत आली की शुक्रवारी साखरपुडा.” पप्पा बिलाचे पैसे मोजायला लागले. मी खांबाआडून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

मी ठणठणीत आहे, पोरी. तरी गुरुवारी फोन येईल आणि त्यावर आवाज माझा असेल. हे दोघं समोर उभे असतील. मी रडेन, आणि ते रडणं खोटं नसेल. ये गं, एकदा तोंड दाखव, असं म्हणेन. येऊ नकोस. पुन्हा फोन येईल, पुन्हा माझाच. तरी येऊ नकोस. खरंच माझं काही बरंवाईट झालं तर साक्षी फोन करेल आणि आधी नळीचं नाव घेईल. तेवढी खूण फक्त तिला सांगितली आहे. नळी कानावर पडेपर्यंत आईचंसुद्धा ऐकायचं नाही. त्या दिवशी तुझ्या हातातून काढून घेतली होती, आज परत देते. पुन्हा कुणाच्या ताटात ठेवू नकोस.

तुझीच,
आई