त्या आखाजीला मी पारोळ्याला होते

प्रिय माय,

सकाळी सुरेशचा धुळ्याहून फोन आला. "अक्का, उद्या आखाजी. मायनी पहिली घागर शे. सकायनी गाडीवर बस." मी म्हटलं, येते रे. तर हसून म्हणतो, "तुले काय सांगनं! तू ते एसटीमाच ऱ्हास."

धाकट्या भावाने एवढी थट्टा केली तर चालतं. पण फोन बंद करायच्या आधी तो त्याच्या नव्या सुनेला सांगत होता, ते मला ऐकू आलं. "अक्कानी आखाजी कधी चुकाडी नई. एकच साल नई उनी. तिले सासूनी धाडं नई. खाष्ट व्हती म्हतारी."

कणीक मळायला काढली होती, ती तशीच झाकून ठेवली आणि लिहायला बसले. तू गेल्यानंतरची पहिली अक्षय तृतीया म्हणून उद्या तुझ्या नावाची घागर भरतील. डांगराचं फळ, सांजोरी, आंब्याचा रस ठेवतील, आणि तू येशील म्हणतात. त्याआधी तुला एक सांगायचं आहे. चाळीस वर्षं पोटात ठेवलं ते.

ती खाष्ट नव्हती, माय.

तुला लिहिता येत नव्हतं, तरी पोस्टकार्डं तूच पाठवायचीस. कोणाला तरी धरून लिहून घ्यायचीस. 'आम्ही आता धरणगावी आलो.' 'आम्ही आता चोपड्याला आलो.' आबा जिनिंगमध्ये फिटर. कापसाचा हंगाम संपला की एखाद्या गावचा शेठ बोलावायचा, यंत्रं उघडायची आहेत, या. की निघालो! पहूर, बोदवड, धरणगाव, चोपडा, दोंडाईचा. कापसाच्या गाठी पोचवून रिकामा परतणारा ट्रक मिळाला की त्यात आपलं बिऱ्हाड. वर पाटा-वरवंट्यावर मी आणि सुरेश. केसांत कापूस, नाकात कापूस.

तू कुठल्याच भिंतीला खिळा ठोकू दिला नाहीस. "परक्या भितले खिळा ठोकू नई." सगळं दोरीवर. आणि निघायच्या दिवशी सामान ट्रकमध्ये चढलं तरी तुझं सारवणं चालूच! आबा खालून ओरडायचे, "अव, चाल ना आते!" तू म्हणायचीस, "मांगून येईल तिनी नाव ठेवाले नको."

मी दुसरीत दोनदा बसले. नापास झाले म्हणून नाही. दाखला मागच्या गावात राहिला म्हणून! सातवीनंतर तर कुठल्याच शाळेत बसले नाही. पुढचं वाचन मग माझं मीच केलं. आधी एसटीच्या पाट्या, मग दुकानातले कागद, मग जामनेरच्या वाचनालयातली कपाटं. प्रवासाची पुस्तकं मी आधी काढायचे. तुला आठवतं, तू विचारलं होतंस, "आपन इतलं फिरनूत, आनखी काय वाचस त्यामा?"

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा काय करतो हे तू नंतर विचारलंस. आधी विचारलंस, "घर सोतानं शे ना?" होतं. जामनेरला दोन खोल्या, पुढे यांचं शिलाईचं दुकान. हे एकदा मशीनवर बसले की सूर्य मावळेपर्यंत उठायचे नाहीत. मला वाटलं, सुटले! आता आपली भिंत, आपला खिळा. पहिल्याच आठवड्यात मी सहा खिळे ठोकले. सासूबाईंनी मोजले असतील, पण बोलल्या काही नाहीत.

बाकीच्या लेकींना आखाजीला न्यायला मुऱ्हाळी यायचा. भाऊ यायचा, चुलता यायचा. माझ्याकडे कोण येणार? आबा कामावर, सुरेश लहान. माझी पिशवी घेऊन मीच निघायचे. आधी तुझ्या कार्डावर बघायचे, यंदा माझं माहेर कोणत्या गावाला आहे! जावा हसायच्या. मीही हसायचे. हसू यायचं असं नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला तुम्ही पारोळ्याला होता. सासूबाईंनी आदल्या दिवशी स्वतः सांजोऱ्या तळल्या. डबा माझ्या पिशवीत घालताना म्हणाल्या, "चार दिवस राहून ये. तुह्या मायले बरं वाटीन." जामनेरहून जळगाव, जळगावहून पारोळा. स्टँडवरून जिनिंगपर्यंत भर उन्हात चालत आले. आपल्या खोलीला कुलूप नव्हतं, नुसती कडी. मी कडी काढली आणि "माय, मी उनी!" म्हणत आत पाऊल टाकलं.

आत काहीच नव्हतं. दोरीसुद्धा नव्हती. जमीन सारवून लख्ख केलेली. ते बघून कळलं की तुला कोणी घाईघाईने हलवलेलं नाही. तू नीट, सावकाश निघून गेली आहेस.

शेजारच्या काशीमाय बाहेर आल्या. "काय व माय, तुले म्हाईत नई? पंधरा दिन व्हयनात. शिरपूरले गयात बठ्ठा." मी तिथेच उंबऱ्यावर बसले. पिशवी मांडीवर घेऊन. त्या म्हणाल्या, "आखाजीना दिन दारवरथून कोनी मांगे फिरस का? चाल, घरमा चाल."

त्यांची लेक त्या वर्षी आली नव्हती. दिवस गेले होते म्हणून सासरी गुजरातेतच राहिली होती. तिचा झोका निंबाला बांधून रिकामा होता. काशीमायनी माझ्या डोक्याला तेल लावलं, मला त्यावर बसवलं. शेजारच्या पोरी गाणी म्हणत होत्या. मला ती गाणी पाठ होती, पण मी नुसते झोके घेत राहिले. तीन दिवस मी परक्या बाईची लेक झाले. जाताना त्यांनी ओटी भरली. सासूबाईंच्या सांजोऱ्या मी काशीमायच्याच घरी ठेवल्या.

शिरपूरला का गेले नाही, विचारशील. शिरपुरात जिनिंगं कितीतरी, कुठल्या फाटकावर विचारायचं, असं तेव्हा मनाला सांगितलं. पण खरं सांगू? विचारत विचारत जाता आलं असतं. मला राग आला होता. जमीन सारवायला तुला वेळ होता. मला कळवायला नव्हता?

वेळ होता. जामनेरला परत आले तर कार्ड येऊन पडलं होतं. 'आम्ही शिरपूरला आलो. तू आखाजीला इकडेच ये. वाट पाहते.' मी निघाले त्याच दिवशी दुपारी पोचलं होतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. यांनी वाचलं. माझ्या हातात देताना एवढंच विचारलं, "मग राहिलीस कुठे?" मी सांगितलं. हे मशीनवर जाऊन बसले. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाले, "जेवलीस ना नीट?" पुन्हा कधी विषय काढला नाही त्यांनी.

राखीला मी शिरपूरला आले. तू दारातच विचारलंस, "आखाजीले काबरं नई उनी? मी कितली वाट देखी!" मी म्हटलं, "सासूबाईंनी सोडलं नाही."

का म्हटलं? लेक रिकाम्या खोलीत येऊन उभी राहिली हे कळलं तर तू अन्न सोडशील, असं वाटलं. हे अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं म्हणजे, तूच वाट पाहिली म्हणालीस ते मला सहन झालं नाही. वाट काय तू एकटीनेच पाहिली होतीस?

एक वाक्य होतं, माय. मला वाटलं, दोन दिवसांत विसरशील. तू विसरलीस? माझ्या लेकीच्या, वर्षाच्या, जावळाला जामनेरला आलीस, तर सासूबाईंच्या हातचा चहासुद्धा घेतला नाहीस. "उपास शे" म्हणालीस. तुझा कुठलाच उपास नव्हता. मावशीला सांगितलंस, आत्याला सांगितलंस. तू बिऱ्हाड उचललंस की ही गोष्टही बरोबर उचलायचीस. नव्या गावाला, नव्या शेजारणींना. "मन्ही पोर बठ्ठं सहन करस."

तू परत गेल्यावर सासूबाईंनी मला विचारलं होतं, "तुह्या मायले माह्या हातचं चालत नाही का वं?" मी म्हटलं, तसं नाही, तिचा स्वभावच तसा. म्हणजे तिकडे त्यांच्या नावावर घातलं आणि इकडे तुझ्या! मी मात्र दोन्हीकडे चांगली. त्या जाऊन आता बारा वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही की आपलं काय चुकलं.

सहा वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून घरात बसवत नाही. वर्षा सुरतेला बोलावते. जाते, आठ दिवसांत परत निघते. आता आम्हा बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढं निमित्त पुरतं. उनपदेव झालं, तोरणमाळ झालं. गेल्या साली द्वारकेपर्यंत एकटी जाऊन आले. गल्लीत म्हणतात, बाईच्या पायाला भिंगरी लागली. खिडकीशी बसले आणि गाडी सुटली की मला बरं वाटतं. का, ते सांगता येत नाही. परत येऊन आपल्याच दाराला किल्ली लावायची वेळ येते, तेव्हा मी आधी उंबऱ्यावरच बसते. आत कोणी "जेवलीस ना?" म्हणत नाही.

तू आजारी असताना मी हे सगळं सांगत बसायचे, समुद्र कसा, बोट कशी. तू ऐकून घ्यायचीस. एकदा म्हणालीस, "मी जनमभर बिऱ्हाड उचलं. तुले ते घर शे. मंग तू कशाले फिरस व?"

मी हसून विषय बदलला. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तूच तर वाट करून दिली होतीस. पण तू पुढे लगेच म्हणालीस, "तुन्ही सासूनी तुले कोंडी ठेयेल व्हतं ना, त्यानं शे हाई." आणि माझ्या हातावरून हात फिरवलास. वाटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला तू मला ओळखलं नाहीस.

पारोळ्यालाही जाऊन आले मागे. जिनिंग नाही आता, प्लॉट पडले आहेत, नवी घरं झाली आहेत. काशीमायचं नाव कोणाला माहीत नाही. एका बाईने विचारलं, "कोनाकडे जानं शे?" "काही नाही, जुनं गाव म्हणून आले," म्हटलं. तिने पाणी दिलं. प्यायले आणि पुढच्या गाडीने निघाले. तिथे काय घडलं ते माहीत असणारं कोणी उरलं नव्हतं. हे नाहीत, काशीमाय नाहीत. आणि ज्यांना माहीत नाही ते सगळे एक खोटी गोष्ट सांगत आहेत. आज ती सुरेशच्या सुनेपर्यंत पोचली. उद्या ती तिच्या लेकीला सांगेल.

तुला वाईट वाटेल हे मला कळतं. आपली लेक आखाजीला परक्या दारी राहिली, आणि आपण एका गरीब बाईला जन्मभर नावं ठेवली, दोन्ही एकाच दिवशी कळणं सोपं नाही. माझ्यावर राग धर. तो माझाच आहे. पण सासूबाईही तिथेच असतील, माय. भेटल्या तर तूच आधी बोल. त्या स्वतःहून बोलायच्या नाहीत. फार भिडस्त आहेत.

आणि मी उद्या सकाळच्या गाडीने धुळ्याला येते. घागर भरून झाली, पानं वाढली, की कोणी घास उचलायच्या आधी मी सगळ्यांना सांगेन. सुरेशला, त्याच्या बायकोला, नव्या सुनेलाही. सांजोऱ्या कोणी तळल्या होत्या, "चार दिवस राहून ये" कोण म्हणालं होतं, आणि खोटं कोण बोललं होतं. सुरेश चिडेल, म्हणेल, सणाच्या दिवशी हे कशाला? चिडू दे. मी सांगितल्याशिवाय जेवणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
सुमन
जामनेर