गादीखालचं गवत

१२ जुलै १९७४, शुक्रवार

सापडलं! मोशीच्या रस्त्याला, नव्या कारखान्याच्या कुंपणाला लागून — गुडघाभर, दाट, पांढरं. गाजरगवत! मागच्या पावसात तिथे टाकळा होता, कुर्डू होता. आता औषधालाही नाही. राखेत, लोखंडाच्या किसात, जिथे केनासुद्धा मान टाकतो तिथे हे खुशाल उभं. पानं गाजराची. फुलं साबुदाण्याएवढी, पण भिंगाखाली धरली की पाच कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यात एक इवलीशी पाकळी. अमेरिकेच्या लाल गव्हाबरोबर आलं म्हणतात. असेल. आलं, आणि कुणी या म्हटलेलं नसताना घर करून बसलं. मला तर त्याचं कौतुकच वाटतं.

उन्हाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या वर्गाला पुण्याच्या कॉलेजातले सर म्हणाले होते — हे गवत कुठवर पोचलंय त्याचा नकाशा करतोय. भोसरी ते चाकण पट्टा तुम्ही करा, नीलाबाई. दसऱ्याच्या सुट्टीत वाळवलेले नमुने आणून द्या. नकाशाखाली तुमचं नाव घालू.

माझं नाव! नकाशाखाली!

आता एका खोलीत नमुने दाबायचे कुठे? रद्दीच्या घडीत घालून पलंगाच्या फळ्यांवर पसरले, वर गादी. दोघांचं वजन फुकटात. पलंग ह्यांनीच केलेला, कंपनीतल्या पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणून. हे म्हणजे भीमराज. घरात नाव घेता येत नाही, इथे कोण बघतंय! भीमराज, भीमराज. लेथवर टर्नर आहेत, अजून टेंपररी. गादीवर बसून म्हणाले, "आता आपण रानातच झोपायचं म्हण की."


१९ जुलै

शाळेमागच्या बाभळीखाली कुत्र्याच्या छत्र्या. एक आणली, दांडी कापली, टोपी पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली, वर वाटी. सकाळी वाटी उचलली तर कागदावर चॉकलेटी रेघांचं चाक उमटलेलं! नुसते बीजाणू पडून! भीमराज चहाचा कप हातात धरून बघतच राहिले. म्हणाले, "ड्रॉइंग असावं तर असं. एक रेघ वाकडी न्हाई." कंपनीत दाखवायला नेलं. बहुतेक परत येणार नाही.


३० जुलै

भीमराजच्या पापण्या सुजल्यात. झोप कमी झाली असेल. सेकंड शिफ्ट.


२ ऑगस्ट

झोप नव्हे. मानेवर लाल चट्टे, कानामागे चिरा. रात्रंदिवस खाजवतात. कंपनीच्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं — "तेल. लेथवरच्यांना होतंच." मलम दिलं, पिवळं, वास मारणारं.

तेलाने होत असेल तर लेथ सोडावा लागेल. लेथ सोडला तर राहिलं काय? फोरमन हिंदुराव म्हणालेत, दिवाळीनंतर चार जणांना परमनंट करणार, त्यात भीमराजचं नाव आहे. पण मेडिकल पास व्हायला हवं.

मला उगाच घाबरायची सवय आहे. आई म्हणायची. तरी पण.


९ ऑगस्ट

माझ्याही कोपराच्या खोबणीत बारीक पुरळ. घामाचं असेल. भीमराजला दाखवलं तर हातात हात धरून कितीतरी वेळ बघत बसले. मग विचारलं, "त्ये गवत रोज हाताळतीस ना?" मी म्हटलं, अहो, हाताळल्याशिवाय कसं होणार! आणि पंधरा मिनिटं पानांच्या रचनेवर व्याख्यान दिलं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं.


११ ऑगस्ट

आजपासून गादी घालणं-काढणं आणि कागद बदलणं ह्यांनी आपल्याकडे घेतलंय. "तुझी शाळा, स्वैपाक, वर हे. कागद बदलायला काय अक्कल लागती व्हय?" रोज सकाळी ओले कागद काढतात, कोरडे घालतात. मी फक्त नवीन रोपं आणून कागदात घालून दाराशी ठेवते. असा नवरा कुणाचा आहे ते सांगा!


२२ ऑगस्ट

हिंदुरावांनी माणुसकी केली. कामावरून काढलं नाही — तेलापासून लांब म्हणून मागच्या यार्डात बसवलंय, भंगाराच्या वजनावर. उघड्यावर, मोकळ्या हवेत. आता उतरेल. उतरायलाच हवं.

माझं पुरळ गेलं. घामाचंच होतं.


२९ ऑगस्ट

उतरत नाही. वाढतंय! तेल नाही, लेथ नाही, आणि चेहरा काळवंडून जाड झालाय, कपाळाला घड्या पडल्यात. ओठ फुटलेत. आरशाला पालथं घातलंय. मी सरळ केला तर पुन्हा पालथा. चाकणकडचे सगळे नमुने आज झाले. एरवी नाचले असते.


३ सप्टेंबर

मालकीणबाई, कौशल्याबाई, नळावर माझ्याजवळ आल्या. इकडेतिकडे बघून हळूच, "राग मानू नका मास्तरीणबाई. पर लोकं इचारत्यात. रगतपिती तर न्हाई ना? आमच्या घरात लेकरं हायती." मी म्हटलं, नाही हो, तेलाची ॲलर्जी आहे. "आसंल. पर कळंस्तोवर तुमी आपलं शेवटाला पाणी भरा."

शेवटाला!

ह्यांना सांगणार नव्हते. पण भिंतींना कान असतात, आणि आमच्या भिंती पत्र्याच्या. भीमराजच्या लहानपणी गावच्या विहिरीवर हात लावायची सोय नव्हती. काठाशी उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतणार. आम्ही बुद्धाचे झालो, गाव सोडलं, इथे कारखान्यात हे सगळ्यांबरोबर एका नळाला तोंड लावून पाणी प्यायले — त्या पहिल्या दिवसाची गोष्ट मला लग्नानंतर कितीदा सांगितलीय. आज मात्र हंडा उचलला आणि सायकलला अडकवून कंपनीतून भरून आणला. मला कौशल्याबाईंचा इतका संताप आला की भाकरी करपली. आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण माझ्याही मनात तोच शब्द आहे. कितीतरी दिवसांपासून. लिहिला नव्हता.

महारोग.


८ सप्टेंबर, रविवार

शाळेच्या भिंतीवर सरकारी चित्र आहे — चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर तपासून घ्या. रोज त्याच्यासमोरून जाते. आज राहवलं नाही. हे पेपर वाचत बसलेले. नमुने पुठ्ठ्याला शिवायची सुई घेतली, मागून गेले, आणि मानेवरच्या चट्ट्यात टोचली.

"आई गं! येडी झालीस का काय!"

कळलं! ह्यांना कळलं! मी हसायला लागले, मग रडायला लागले, आणखी दोन ठिकाणी टोचली, तिन्ही वेळा शिव्या खाल्ल्या. कौशल्याबाई धावत दारात. त्यांना वाटलं मारामारी चाललीय. मी सुई दाखवून सांगितलं, बघा, बघा, दुखतंय ह्यांना! त्या सुईकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. "बाई, तुमी बी जरा इस्वाटा घ्या," म्हणाल्या.

पण पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ म्हटलं तर भीमराज तयार नाहीत. "दसरा होऊ दे." का? "होऊ दे म्हटलं ना."


१५ सप्टेंबर

सासूबाईंना ताप, म्हणून हे जुन्नरकडे गावी गेलेत. कागद आत्ताच बदललेत, मी येईस्तोवर गादी उचलायची न्हाई, असं बजावून गेलेत. मी एकटी. दिवसभर गवत आणि गवत. पलंगाची ह्यांची बाजू उंच झालीय. पावसाने फळी फुगली असेल.


२४ सप्टेंबर

काल परत आले. ओळखू येईना! चेहरा जवळजवळ साफ. पापण्या पूर्वीसारख्या. मी सारखी तोंडाकडे बघते म्हणून लाजले. स्वतःच आरसा सरळ केला.


२७ सप्टेंबर

पुन्हा. पापण्या, मान, कोपर. आरसा पालथा.

म्हणजे जे काही आहे ते इथे आहे. गावात नाही, इथे आहे. तेलाला तर महिना झाला शिवले नाहीत. मग काय? पाणी? धूर? डोकं फिरायची वेळ आली. शाळेत मुलं विचारतात, बाई, आज पण रागावल्यात का?


२ ऑक्टोबर, बुधवार

शाळेला सुट्टी, कंपनी चालू. डबा विसरले म्हणून द्यायला गेले. वॉचमनने मागच्या यार्डात सोडलं. मी यार्ड कधी पाहिलंच नव्हतं.

भंगाराच्या ढिगांमधून, वजनकाट्याच्या चारी बाजूंनी, छातीएवढं — गाजरगवत. सगळं फुललेलं. वारा आला की पांढरा भुगा उडत होता, आणि मधोमध स्टुलावर भीमराज. तोंडाला रुमाल.

मी डबा धरून उभीच राहिले. मग एकेक सुचत गेलं. तेलाने झालं असतं तर आधी हाताला झालं असतं. ह्यांचे तळहात स्वच्छ आहेत! झालंय कुठे — पापण्या, कान, मान, कोपर. जिथे शर्ट नाही, जिथे उडून बसतं तिथे. लेथच्या खिडक्या ह्याच यार्डाकडे उघडतात. आणि आम्ही तेलापासून लांब म्हणून उचलून थेट गवतात बसवलं!

लाज वाटते, पण लिहिते. पहिल्यांदा मला आनंद झाला. हे सरांना सांगायला हवं, असं वाटलं. नवरा समोर सोललेल्या चेहऱ्याने बसलाय आणि मला सर आठवतात! नंतर भानावर आले. म्हटलं, उठा, दवाखान्यात जायचं. आत्ता. "दसरा —" म्हणाले. मी म्हटलं, दसरा गेला खड्ड्यात. हिंदुराव ऐकत होते. ते म्हणाले, "जा रं भीमराजभाऊ, बाईंचं ऐक. रजा मी टाकतो."


१६ ऑक्टोबर

नंबर लागायला दोन आठवडे गेले. त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हाताला धरून बघतात, लांबून नाही. पहिलं वाक्य — "महारोग नाही." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मग ह्यांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, एकीखाली लेथचं तेल, एकीखाली मी नेलेलं गवताचं पान, आणखी दोनतीन. दोन दिवस पाठ भिजवायची नाही.

दोन दिवस! मी जेवले का, आठवत नाही. पानाखाली लाल नाही निघालं तर? मग काय उरेल?


१८ ऑक्टोबर, शुक्रवार

तेलाची पट्टी कोरी. पानाखाली रुपयाएवढा लालभडक फोड.

गवतच! डॉक्टरीणबाईंनी कंपनीसाठी लिहून दिलं — तेलाचा दोष नाही, लेथवर काम करू शकतात, यार्डात बसवू नये. हिंदुरावांनी एवढंच मागितलं होतं. परमनंट होणार! मी त्या कागदाकडे बघत होते, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "सुकलेल्या पानांच्या भुग्यानेही होतं. घरात कुठे हे गवत आहे का?"

"छे," भीमराज पटकन म्हणाले. "घरात कसलं गवत, बाई."

आणि मला पलंग दिसला.

मी ओरडलेच — आहे! गादीखाली! तीन महिने! बाईंनी पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलत होत्या, चादरी उकळा, खोली ओल्या फडक्याने पुसा. मला अर्धं ऐकू आलं. मीच. मीच रोज कवळाभर आणून ह्यांच्या अंगाखाली घातलं. आणि वर नवऱ्याचं कौतुक लिहीत बसले!

बसमध्ये विचारलं, खोटं का बोललात? खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दसरा आठ दिवसांवर आलाय. नकाशावर नाव यायचंय ना तुझं?"

म्हणजे ह्यांना संशय होता. कधीपासून, ते सांगत नाहीत.


१९ ऑक्टोबर

हे कामावर गेल्यावर तोंडाला फडकं बांधून गादी उचलली.

माझ्या बाजूला नुसत्या फळ्या. एकही कागद नाही. सगळे ह्यांच्या बाजूला, एकावर एक, हातभर थर. तळातल्या कागदावर ह्यांच्या अक्षरात तारीख होती — ११ ऑगस्ट. माझं पुरळ बघितल्याला दोनच दिवस झाले होते.