म्हातारीची सर्व्हिसिंग

९ सप्टेंबर, सोमवार
माझ्या देखरेखीतल्या शाळेच्या तीन बसचे सर्व्हिसिंगचे किलोमीटर एकदमच भरत आलेत. तिघींना एकाच आठवड्यात गॅरेजला धाडलं तर पोरांना काय खांद्यावर बसवून नेऊ? एकेक पाठवायची. आधी म्हातारी – दादाची बस. टेकडीचा रस्ता तिच्याच वाट्याला, ब्रेकचे लायनर तिचेच झिजलेले असणार. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." म्हटलं, ब्रेक तोवर थांबतील का ते आधी विचारा! साहेबांनी सही केली.

१० सप्टेंबर
दादा भडकला. "माझी गाडी मला कळते. खुर्चीत बसून मला शिकवू नकोस." सख्खा भाऊ, पण कामावर सात जन्मांचा वैरी! चहालाही आला नाही.

१२ सप्टेंबर
म्हातारी गॅरेजला. दादाला जादाची बस दिली.

१३ सप्टेंबर
गॅरेजच्या मिस्त्रींचा फोन – लायनर अजून थोडे दिवस चालले असते, पण बदलले. हे दादाला सांगायची सोय नाही!
दुपारी दादाने बस फाटकाच्या खांबाला घासली. अख्खी उजवी बाजू. पोरं उतरून गेली होती, नशीब. "परकी गाडी. अंदाज येत नाही," म्हणाला. दादा? त्याने तर कसकसली धुडं हाकलीत!

१४ सप्टेंबर
राहवेना. वहिनीला फोन केला. म्हणाली, "हल्ली चहा कपाबाहेर ओततात. लक्ष कुठंय म्हटलं की खेकसतात."
जेवण गेलं नाही. बाबा गेल्यावर त्यानेच मला शिकवलं. माझ्या फीसाठी दोन-दोन पाळ्या केल्या. त्याला विचारू कोणत्या तोंडाने? आणि नाही विचारलं तर – ती पोरं कुणाची तरी आहेतच ना.

१६ सप्टेंबर, सोमवार
म्हातारी परत आली. ब्रेक कसे खणखणीत! दादाने किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही.
"आधी डोळे तपासून ये."
"कोण म्हणतं मला दिसत नाही?"
"खांब म्हणतो."
सगळ्यांसमोर बोलले. बोलायला नको होतं तसं. पाय आपटत गेला. टेकडीच्या फेरीवर दुसरा ड्रायव्हर पाठवला.

१७ सप्टेंबर
दादा सकाळीच आला. गणवेश नाही, घरातला शर्ट. दार लोटून घेतलं.
"उजव्या डोळ्याने वर्षभर काहीच दिसत नाही गं. रस्ता पाठ होता, म्हणून चाललं."
मग म्हणाला, "साहेबांना तूच सांग."